जुनं डिझेल जाम झालंय: नवीन डिझेल बसवायचं की मागे आउटबोर्ड टांगायचं?

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. २७ फुटी शिडाची बोट, सामानसुमान भरल्यावर साधारण ३ टन, आतलं जुनं डिझेल जाम झालंय. मेकॅनिक म्हणतोय काढून टाका आणि नवीन डिझेल बसवा, मित्र म्हणतायत एवढा खर्च कशाला, मागे ९.९ एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर टांगायचं पेट्रोल इंजिन, लावा आणि मोकळे व्हा. बरोबर बायको आणि दोन लहान मुलं, सध्या किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणं, आणि दोनेक वर्षांत रात्रभराचे पल्ले मारायची इच्छा. तुम्ही विचारलंय की यातलं कुठलं इंजिन चांगलं. मी दोन्ही प्रकारची इंजिनं शिडाच्या बोटींवर बसवत आलोय आणि दोन्हींवर फिरलोय, आणि खरं सांगायचं तर इंजिन म्हणून दोन्ही चांगलीच आहेत, आजकालचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं दगा देत नाही. खरा प्रश्न असा आहे की ज्या अर्ध्या तासात तुम्हाला इंजिनाची सगळ्यात जास्त गरज पडेल त्या अर्ध्या तासात तुमचा प्रोपेलर पाण्यात असणार आहे का.

हे जरा उलगडून सांगतो कारण बाकी सगळं यावरच येऊन थांबतं.

सपाट पाण्यात तुमच्या बोटीला फार ताकद लागतच नाही. पाण्याच्या रेषेवरची लांबी २२ फूट धरली तर हल स्पीड, म्हणजे बोटीच्या लांबीनं ठरणारा कमाल वेग, येतो १.३४ गुणिले २२ चं वर्गमूळ, म्हणजे ६.३ नॉटच्या आसपास (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), त्याच्या वर ही बोट इंजिनावर जाणारच नाही, कितीही एचपी लावा. वारा नसताना ५ नॉटनं जायला तीन-चार एचपी पुरतात. म्हणून मित्रांचं आउटबोर्ड त्यांना मस्त वाटतं, कारण बंदरातून बाहेर पडायचं, शिडं उभारायची, संध्याकाळी वारा पडला की इंजिन लावून परत यायचं, एवढ्यासाठी सहा एचपीसुद्धा भरपूर झाले. पण समोरून २५ नॉटचा वारा लागला की डोलकाठी, दोऱ्या, कॅबिन, गुंडाळलेली शिडं या सगळ्यावर जो दाब येतो तो पाण्याच्या विरोधापेक्षाही जास्त होऊ शकतो, वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गात वाढतो, १२ नॉटचे २५ झाले की दाब चौपटीच्या वर गेला. वर आखूड उभ्या लाटा, प्रत्येक लाटेवर बोट थबकणार. अशा वेळी कागदावरचे एचपी कामाला येत नाहीत, मोठा, सावकाश फिरणारा, खोल पाण्यात असलेला प्रोपेलर कामाला येतो.

आता आउटबोर्ड कुठे असतं बघा. बोटीच्या एकदम मागच्या भिंतीवर, ब्रॅकेटवर, म्हणजे बोटीच्या मध्यापासून सगळ्यात लांब. बोट लाटेवर झोके घेते तेव्हा मध्याजवळचा भाग फारसा हलत नाही, टोकं दोन-तीन फूट वरखाली होतात. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली गेली की मागची बाजू उचलली जाते, प्रोपेलर हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं, ढकल शून्य, परत पाण्यात बुडालं की पकड घ्यायला दोन-तीन सेकंद जातात, तोपर्यंत पुढची लाट आलेली असते. थंड करणारं पाणीही आउटबोर्डच्या पायातून, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागातून, वर जातं, त्यामुळे पाय सारखा बाहेर येत राहिला की पाण्याबरोबर हवाही ओढली जाते. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही: नांगर उचलायला एखादा माणूस पुढे नाळेवर गेला की त्याच्या वजनानं मागची बाजू अजून वर येते, म्हणजे नांगर सुटायच्या नेमक्या क्षणी, जेव्हा बोट वाऱ्यानं मागे खडकांकडे सरकायला लागते, तेव्हाच प्रोपेलर सगळ्यात उथळ पाण्यात असतो. छोट्या बोटीत हा फरक स्पष्ट जाणवतो.

बोट कलली की तसंच. ब्रॅकेट सहसा सुकाणूच्या एका बाजूला असतो, त्यामुळे शीड आणि इंजिन दोन्ही लावून जाताना एका बाजूला कलली की प्रोपेलर बाहेर, दुसऱ्या बाजूला कलली की इंजिनाचं डोकं पाण्याजवळ. मागून मोठ्या लाटा येत असतील तर तर विचारूच नका, इंजिनाच्या डोक्यावर पाणी येतं.

आतल्या डिझेलचा प्रोपेलर बोटीच्या पोटाखाली, सुकाणूच्या पुढे असतो. तो सहजासहजी बाहेर येत नाही. शिवाय डिझेल ३६०० आरपीएमला फिरत असलं तरी २.६ च्या गिअरमधून शाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, फिरतो १४०० च्या आसपास, म्हणून त्याला मोठा प्रोपेलर फिरवता येतो. साधं ९.९ चं आउटबोर्ड ५५०० आरपीएमला साधारण दोनाच्या गिअरवर असतं, म्हणजे छोटासा पंखा २६००-२७०० नी भिरभिरतोय, तो हलक्या वेगवान बोटीसाठी बनवलेला असतो, ३ टनाच्या शिडाच्या बोटीसाठी नाही. म्हणून आउटबोर्डच घ्यायचं ठरलं तर नुसतं एचपी बघून घेऊ नका, हाय थ्रस्ट, म्हणजे जास्त ढकल देणारं, मॉडेल घ्या. यामाहाचं टी ९.९ उदाहरणार्थ २.९२ गिअरवर येतं, प्रोपेलरही मोठा येतो, आणि एचपी तेवढेच असून बोट थांबवताना नि मागे घेताना फरक लगेच कळतो. आणि पायाची लांबी २५ इंच, १५ आणि २० इंचीचं नावच काढू नका. टोहात्सूचं ६ एचपीचं सेल प्रो पण याच विचारानं बनवलेलं आहे, पण ३ टनाला ते मी फक्त आडोशाच्या पाण्यासाठीच सुचवेन.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी आउटबोर्डच्या विरोधात आहे. अजिबात नाही. दीड-दोन टनापर्यंतच्या बोटीत, २५ फुटांच्या आत, मी बहुतेकांना आउटबोर्डच सांगतो. बोटीच्या पोटात भोक नाही, शाफ्ट नाही, पाणी गळायची जागा नाही, शीड लावलं की पाय वर उचलायचा आणि पाण्यात काहीच ओढ नाही. डिझेलला तीन पात्यांचा फिक्स प्रोपेलर असेल तर हलक्या वाऱ्यात अर्धा ते एक नॉट सहज खातो, त्यावर उपाय म्हणजे फोल्डिंग (पाती मिटणारा) किंवा फेदरिंग (पाती पाण्याच्या ओघाच्या दिशेत वळणारा) प्रोपेलर, आणि तो स्वस्त नसतो. आउटबोर्ड बिघडलं तर दोन स्क्रू सैल करून गाडीत टाकून दुकानात नेता येतं, डिझेल बिघडलं की तुम्ही उलटे लटकून टॉर्च तोंडात धरून काम करता. हँडलनं इंजिनच वळवता येत असेल तर बोट जागच्या जागी फिरवता येते, डिझेलमध्ये प्रोपेलरचं पाणी सुकाणूवर आदळतं म्हणून पुढे जाताना वळतं छान, पण मागे घेताना बोट स्वतःच्या मर्जीनं एका बाजूला सरकते आणि ते शिकायला लागतं.

मुलं आहेत म्हणून पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर सांगतो. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते, उणे ४० अंशांच्याही खाली आहे, म्हणजे कुठल्याही हवामानात त्याची वाफ पेट घ्यायला तयार असते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी साचून राहते, वाहून जात नाही. डिझेलचा ५० च्या वर आहे, सांडलं तर वास येईल, मुलांना उलट्या होतील, पण स्फोट होणार नाही. त्यामुळे पेट्रोलची टाकी कॅबिनमध्ये किंवा कॅबिनशी जोडलेल्या कप्प्यात कधीच नाही. टाकीसाठी वेगळा बंद कप्पा हवा, ज्याचं तळाचं भोक थेट बोटीबाहेर उघडतं, आणि ज्याच्या भिंतीतून एकही वायर किंवा पाइप कॅबिनमध्ये जात नाही. पुष्कळ जुन्या बोटींमध्ये कॉकपिटचा (मागे बसायच्या उघड्या जागेचा) कप्पा आणि कॅबिन यांच्यामध्ये नुसती फळी असते, फटी तशाच, त्या आधी बुजवाव्या लागतात. टाकी भरायची ती बोटीबाहेर धक्क्यावर नेऊन. दुसरं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पेट्रोल इंजिनाच्या धुरात तो भरपूर असतो आणि मागून हवा असली की धूर कॉकपिटमध्ये आणि तिथून कॅबिनमध्ये शिरतो, मुलं आत झोपलेली असतात. कॅबिनमध्ये डिटेक्टर लावाच, डिझेल असलं तरी लावा.

पल्ल्याचा हिशोब सोपा आहे. तुमच्या बोटीला मध्यम वेगात डिझेल तासाला साधारण दीड लिटर खाईल. ४० लिटरची टाकी म्हणजे २६ तास, ५ नॉटनं १३० सागरी मैल. आउटबोर्ड तेवढ्याच कामाला तासाला दोन-सव्वादोन लिटर पेट्रोल घेईल, सोबत येणारी २५ लिटरची टाकी म्हणजे अकरा-बारा तास, ५५-६० मैल. दोन्हींत एक तृतीयांश इंधन मी मोजतच नाही, ते राखीव. रात्रभराच्या पल्ल्यात पहाटे वारा पडणं ही नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा हा फरक दिसतो. जास्तीचं पेट्रोल कॅनमध्ये भरून डेकवर बांधणारे लोक आहेत, मुलं असताना मला ते पटत नाही.

चार्जिंगचा मुद्दा पूर्वी मोठा होता, आता तितका राहिला नाही. आउटबोर्ड कागदावर ६ ते १२ अँपिअर देतं आणि तेही पूर्ण वेगात, हळू चालवलं की निम्मंसुद्धा नाही. डिझेलचा अल्टरनेटर ३५ पासून पुढे. पण २०० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला ५०-६० अँपिअर-अवर देतं, छोटा फ्रीज आणि दिवे त्यात निघतात. फक्त चार्जिंगसाठी डिझेल घ्यायचं कारण उरलेलं नाही. उलट नांगरावर उभं राहून नुसतं बॅटरीसाठी डिझेल हळू चालवत ठेवणं हे इंजिनाला वाईट, लोड नसला की ते नीट गरम होत नाही, कार्बन साठतो, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन तेल खायला लागतं.

इलेक्ट्रिकचं तुम्ही विचारलेलं नाही पण कोणीतरी सुचवणारच. एक लिटर डिझेलमधून शाफ्टवर साधारण ३ किलोवॉट-अवर मिळतात. ४८ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी ४.८, म्हणजे दीड लिटर डिझेल. बंदरातून आत-बाहेर करायला उत्तम, शांत. तुमच्या रात्रीच्या पल्ल्यांना नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तुमच्या मेकॅनिकनं केलेली दिसत नाही. इंजिन जाम झालंय म्हणजे नक्की काय झालंय? जाम म्हणजे मेलं असं नसतं. आधी गिअर न्यूट्रलला टाकून बघा, कधीकधी इंजिन मोकळं असतं आणि गिअरबॉक्स किंवा शाफ्ट अडकलेला असतो, प्रोपेलरमध्ये दोरी गेलेली असते. स्टार्टर काढून बघा, त्याचं दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकून बसलंय का. हे नसेल तर इंजेक्टर काढा, सिलिंडरमध्ये काय दिसतं बघा. पाणी किंवा गंज असेल तर पाणी बहुतेक एक्झॉस्टमधून आलेलं असतं, एकतर अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये म्हणून असलेला) चोंदलेला, नाहीतर एक्झॉस्टचा एल्बो (वळणाचा तुकडा) आतून सडलेला, नाहीतर कोणीतरी सुरू होत नाही म्हणून पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून मिनिटभर स्टार्टर मारत बसलं. इंजिन चालू नसताना स्टार्टरनं पंप फिरतो, पाणी मफलरमध्ये भरत जातं, बाहेर ढकलायला धूर नसतो, आणि ते उलटं सिलिंडरमध्ये येतं. सुरू होत नसलेल्या डिझेलला क्रँक करताना पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि सुरू होताच लगेच उघडायचा, एवढी सवय लावली तर कित्येक इंजिनं वाचतात.

गंज असला तर सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल भरा, काही दिवस तसंच राहू द्या, मग क्रँकच्या बोल्टवर लांब पाना लावून थोडं पुढे थोडं मागे हलवत बघा, जोर करून नाही. सुटलं तर कॉम्प्रेशन तपासा. रिंगा नि व्हॉल्व्हचं काम करून इंजिन परत उभं राहू शकतं, जर ब्लॉक चांगला असेल. इथे एक अट आहे: तुमचं इंजिन थेट समुद्राच्या पाण्यानं थंड होणारं असेल आणि जुनं असेल तर ब्लॉक आतून खाल्लेला असू शकतो, त्यावर पैसे घालू नका. गोड्या पाण्याचं सर्किट आणि हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्यानं ते गोडं पाणी थंड करणारा भाग) असेल तर आशा आहे. आणि सुट्या भागांची चौकशी रिपेअरच्या आधी करा, नंतर नाही.

नवीन डिझेल घ्यायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा की इंजिनाची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. माउंट बसायचे बेड बदलावे लागतात, शाफ्ट, कपलिंग, एक्झॉस्टचा पाइप, मफलर, वायरिंग, कंट्रोल केबल, प्रोपेलर, बोट पाण्याबाहेर काढणं आणि अलाइनमेंट, हे सगळं मिळून इंजिनाच्या किमतीजवळ जाऊ शकतं. अंदाजपत्रक मागताना हे प्रत्येक वेगळं लिहून मागा. टनाला साधारण चार एचपी या हिशोबानं तुम्हाला १३ ते १५ एचपीचं दोन सिलिंडरचं इंजिन बरोबर, यानमारचं २वायएम१५ किंवा कुबोटाच्या ब्लॉकवर बनलेली बेटा मरीनची छोटी इंजिनं या वर्गात येतात. वीस-पंचवीसच्या मागे लागू नका, बोट त्या ताकदीनं जाणारच नाही आणि इंजिन कायम अर्धपोटी चालेल. आणि गिअरबॉक्स पुढे जाताना शाफ्ट कुठल्या दिशेनं फिरवतो ते विचारा, जुन्या इंजिनाच्या उलट असेल तर आहे तो प्रोपेलर वापरता येत नाही. बसवल्यावर फुल थ्रॉटलला इंजिन कंपनीनं दिलेल्या कमाल आरपीएमपर्यंत पोचतंय का बघा, पोचत नसेल तर प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे जायचं अंतर, जास्त आहे, ते तसंच चालवलं की काळा धूर आणि लवकर म्हातारपण.

देखभालीत डिझेलला स्वच्छ इंधन आणि थंड पाणी मिळालं की ते बाकी फार मागत नाही. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चाक), तेल, दोन्ही फिल्टर, टाकीच्या तळाचं पाणी काढणं, एवढं तुम्ही स्वतः शिका, इंधनाच्या पाइपातली एअर कशी काढायची तेही, लाटांमध्ये टाकीतला गाळ उठून फिल्टर चोंदतो आणि इंजिन नेमकं तेव्हाच बंद पडतं. आउटबोर्डला प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं धुणं, जास्त दिवस उभं ठेवायचं असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करणं, आणि गिअरचं तेल दुधासारखं झालंय का बघणं. झालं असेल तर सील गेलंय.

तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं? आधी वर सांगितलं तसं इंजिन उघडून बघितलं असतं. सुटलं आणि ब्लॉक चांगला निघाला तर तेच उभं केलं असतं. नाही सुटलं, आणि रात्रीचे पल्ले खरंच मारायचे आहेत, तर नवीन डिझेल, १३-१५ एचपी, कारण ३ टन वजन, दोन मुलं आणि मोकळा समुद्र हे तिन्ही एकत्र आले की ब्रॅकेटवरच्या इंजिनावर माझा भरवसा बसत नाही. पण ते पल्ले अजून नुसतं मनात असतील आणि पुढची दोन वर्षं आडोशाच्या पाण्यातच जाणार असतील, तर हाय थ्रस्ट, २५ इंची पायाचं आउटबोर्ड घ्या, ब्रॅकेटमागे आतून जाड प्लायवुडची पट्टी द्या कारण ५० किलोचं इंजिन लाटेत हिसके मारतं, आणि जुनं इंजिन काढलं तरी त्याचे बेड आणि शाफ्टची नळी तोडू नका. नळी नीट बंद करून ठेवा. पुढे डिझेल बसवायचं ठरलं तर ते काम निम्मं वाचेल, आणि आउटबोर्ड विकताही येतं.

लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्यानं शिडाच्या बोटीतून विनाइंजिन जग फिरून दाखवलं हे खरं आहे, पण त्यांच्याकडे वाट बघायला वेळ होता. सोमवारी मुलांची शाळा असलेल्या माणसाकडे तो नसतो, आणि घाईतच माणूस नको त्या हवेत बाहेर पडतो.

एक काम करा. मागच्या दोन सीझनची लॉगबुक असेल तर काढा आणि इंजिन ज्या ज्या वेळी लावलं तिथे वारा किती होता, समोरून होता की मागून, लाट कशी होती एवढं लिहून काढा. समोरच्या वाऱ्यात, लाटेत इंजिन लावल्याच्या नोंदी किती निघतात त्यावर तुमचं तुम्हालाच बरंचसं कळेल. त्याबरोबर तीन मापं घ्या: पाण्याच्या रेषेवरची खरी लांबी, शाफ्टचा व्यास, आणि प्रोपेलरच्या पात्याचं टोक ते बोटीचं पोट यातलं अंतर, ते व्यासाच्या १०-१५ टक्के तरी हवं. आणि जुन्या इंजिनाचं मॉडेल, ते थेट समुद्राच्या पाण्यावर आहे की गोड्या, आणि इंजेक्टर काढल्यावर आत काय दिसलं त्याचा फोटो. हे कळवलंत की गिअर आणि प्रोपेलरचा साइज काढून देतो.